तोंडात विरघळणारी बासरी

"शेवटची दुपार आहे! आधी ताकोयाकी, मग तो उंच आकाशपाळणा, आणि मग परत ताकोयाकी!" गाकूने जाहीर करून टाकलं.

"दोनदा?" इओरीने वहीतून डोकं वर काढलं. "सकाळी किल्ल्यापाशी ऑक्टोपसचे आठ गोळे गिळलेस, ते कुठे गेले?"

"ते नाश्त्याचे होते!"

"आणि नाश्ता?"

"तो प्रवासाचा होता!"

तेरा वर्षांची सुमिरे, तिचा दहा वर्षांचा भाऊ गाकू आणि शेजारचा बारा वर्षांचा इओरी हे तिघं ओसाकात पहिल्यांदाच आले होते. त्यांच्या बेटावर माणसं एकसष्ट, दुकान एक, आणि तेही दुकानवाल्या बाई मासे पकडायला गेल्या की बंद. इथे मामाच्या घरापासून स्टेशनपर्यंत जाताना गाकूने एकसष्ट माणसं मोजली होती, आणि तेवढ्यात स्टेशनची अर्धी वाटही सरली नव्हती. तीन दिवस नुसती भटकंती चालली होती. उद्या सकाळी परत जायचं होतं.

"आधी बासरी," सुमिरे म्हणाली. "बासऱ्या दुरुस्त करणाऱ्या अरिमुरा मास्तरांचं दुकान चारला बंद होतं. उद्यापासून ते आठवडाभर सुट्टीवर."

यावर मात्र कुणी वाद घातला नाही. सोळा तारखेला बेटावर सणाचा सिंहनाच होता. कापडी सिंहाच्या आत शिरून इओरी पुढचे पाय व्हायचा, गाकू मागचे. पण बेटाचा नियम असा की बासरी वाजल्याशिवाय सिंह जागचा उठत नाही. इतकी वर्षं बासरी आजोबा वाजवायचे. गेल्या वर्षी त्यांच्या पुढच्या दातांनी रामराम ठोकला, नव्या कवळीतून सगळी हवाच बाहेर पळायला लागली आणि बासरी सुमिरेच्या हातात आली. बेटावर ती एकच होती. आणि तिला जुलैमध्ये तडा गेला.

"जुनी झाली होती, आपोआपच तडकली," असं सुमिरेने आजोबांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. तिनेच ती शाळेच्या बोटीत खिडकीशी, भर उन्हात विसरली होती. तेव्हापासून रोज जेवताना ती आजोबांकडे बघायचं टाळत होती. बासरी एकदा दुरुस्त झाली की सगळं मिटेल, असं ती स्वतःला बजावत होती.

तिने बिछान्यांचं कपाट उघडलं. बासरी ठेवलेला डबा तिथे नव्हता.

गाद्या काढल्या, उशा झटकल्या, गाकूची बॅगही उपडी केली. तिच्यातून सात चॉकलेटं आणि एक मोजा निघाला. डबा नाही!

"मामा!" सुमिरे धावत बाहेरच्या खोलीत गेली. "कपाटातला डबा कुठाय? पिवळ्या कागदातला!"

मामा टीव्हीपुढे पंखा घेऊन लोळले होते. शाळांच्या बेसबॉलची मॅच ऐन रंगात आली होती. "मिठाईचा? तो मी परवाच खालच्या कुमेदाकाकूंना दिला की! मारला! मारला! अरे पळ ना, गाढवा!"

"दिला?!"

"मग? गावाहून पाहुणे आले आणि घरमालकिणीला मिठाई दिली नाही, असं चालतं का? तुझ्या आजोबांनी पाठवली, मी पोचवली. झालं."

"मामा, ती मिठाई नव्हती! आजोबांनी मिठाईच्या रिकाम्या डब्यात बासरी ठेवली होती. लांबीला बरोबर बसते म्हणून!"

मामांचा पंखा थांबला. ते उठून बसले, डोकं खाजवलं आणि मग त्यांना कळलं ते काहीतरी भलतंच. "हे बघा पोरांनो, परत मागायचं नाही हं! दिलेली भेट परत मागितली तर माझं नाक कापलं जाईल. बाईंना मी बावळट वाटेन."

"ते तर..." गाकूने तोंड उघडलं, पण इओरीने त्याचा पाय दाबला.

"संध्याकाळी मी सावकाश विषय काढतो. हवापाण्याच्या गप्पा मारता मारता. तुम्ही जा, ताकोयाकी खा!" मामा परत आडवे झाले.

संध्याकाळी! दुकान चारला बंद होणार होतं आणि घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"परत मागायचं नाही, एवढंच म्हणाले ना?" जिन्यात इओरी म्हणाला. "चौकशी करायची नाही असं नाही म्हणाले. काकूंनी डबा उघडला असणार. मिठाईऐवजी बासरी बघून त्या स्वतःच विचारतील. दोन दिवस झाले तरी विचारलं का नाही, हाच खरा प्रश्न आहे."

कुमेदाकाकू दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. मुलांना बघताच त्यांनी पिशवीतून तीन लेमनगोळ्या काढून तिघांच्या हातावर ठेवल्या. ओसाकातल्या काकूंच्या पिशवीत एक वेळ पैसे नसतील, पण गोळ्या असायच्याच.

"काकू, परवा मामांनी तुम्हाला डबा दिला ना..." सुमिरेने हळूच सुरुवात केली.

"अगं बाई, हो! काय चव होती म्हणून सांगू! आम्ही रात्रीच फस्त केली. तोंडात टाकली की विरघळते! आजोबांना माझा नमस्कार सांग हं."

गाकूची गोळी गालातल्या गालात थांबली.

"विर... विरघळली?" त्याने विचारलं.

"लोण्यासारखी!" असं म्हणत काकू दारासमोर जरा सरकल्या आणि त्यांनी दार मागे ओढून घेतलं.

कोपऱ्यावर जाताच गाकूला कंठ फुटला. "ताई, त्यांनी बासरी खाल्ली! बांबूची! त्यांचे दात मगरीचे आहेत!"

"गप रे! खोटं बोलल्या त्या!" सुमिरे रागाने लाल झाली होती. "तोंडावर, हसत हसत! मोठी माणसं एवढं सरळ खोटं कसं बोलू शकतात?" बोलता बोलता ती एकदम थांबली. आपल्यालाच काहीतरी टोचल्यासारखं तिला वाटलं.

इओरीने वहीत लिहिलं: 'संशयित क्रमांक एक. दार ओढून घेतलं. घरात काय लपवलंय?' मग त्याची नजर गल्लीच्या कोपऱ्यावर गेली. "आज जुन्या कागदांचा दिवस आहे. गाडी अजून आलेली नाही."

विजेच्या खांबाशी रद्दीचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवले होते. प्रत्येकावर घराचा क्रमांक होता. काकूंचा गठ्ठा तर असा नेटका की वेष्टनाच्या कागदांना इस्त्री केल्यासारखी वाटावी. इओरी उकिडवा बसला आणि न सोडता कडा मोजू लागला. "निळा, हिरवा, परत निळा, गुलाबी... पिवळा एकही नाही! ज्या बाई असे कागद ठेवतात, त्या पिवळाच कागद कशाला टाकून देतील? डबा उघडलेलाच नाही!"

"न उघडताच चव कळली?" गाकू म्हणाला. "हा तर मोठाच कट दिसतोय!"

"कट कसला, पण काहीतरी पाणी मुरतंय खरं," सुमिरे म्हणाली. "त्या कबूल करणार नाहीत आणि आपल्याला मागता येत नाही. मग काय करायचं?"

"काहीतरी थाप मारू!" गाकूला लगेच स्फुरण चढलं.

"थाप नाही," इओरी म्हणाला. तो कधीच खोटं बोलत नसे. त्यामुळे शाळेत तो सगळ्यांना फार अवघड जायचा. "खरंच सांगू. निवडून निवडून खरं."

ते परत गेले. इओरीने कमरेत वाकून नमस्कार केला.

"काकू, एक सांगायचं राहिलं. त्या डब्यात जे होतं ते खाण्यासारखं नाही. खाल्लं तर माणूस आजारी पडू शकतो. दातही पडू शकतात. तुम्ही फस्त केलंत म्हणालात, म्हणून काळजी वाटली. तुम्हाला बरं वाटतंय ना?"

काकूंच्या हातातली झारी तिरकी झाली आणि पाणी त्यांच्या चपलेवर पडायला लागलं.

"मला? मला काय झालंय! मी ठणठणीत आहे! पण... अगं बाई गं! आता काय करू?" त्यांनी खिशातून फोन काढला, पाठ फिरवली, कानाला लावला, कुणी उचलेना. मग "जरा भाजी आणून येते हं!" म्हणत त्या सायकलवर टांग मारून निघाल्यासुद्धा!

"भाजीची पिशवी घेतली नाही," इओरी म्हणाला. "पळा!"

छपराखालच्या बाजारात शिरल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. हजार दुकानं, हजार पाट्या, हजार वास! काकूंची पाठ कधी छत्र्यांच्या ढिगामागे जायची, कधी सुक्या माशांच्या टोपल्यांमागे. नशीब एवढंच की ओसाकातल्या काकू घाईत असल्या तरी ओळखीचं माणूस दिसलं की "ऊन काय हो मेलं!" म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि कुमेदाकाकूंच्या ओळखी सत्तर होत्या. तीन वेळा मुलं त्यांच्या इतक्या जवळ पोचली की खांबाआड लपावं लागलं. चौथ्या वेळी गाकू ताकोयाकीच्या गाडीपाशी खिळला. त्याला ओढून आणेपर्यंत काकू गायब!

"तुझ्या पोटाने घात केला!" सुमिरे ओरडली. घड्याळात अडीच वाजले होते. तिचे डोळे भरून आले. उद्या बोटीवरून उतरल्यावर आजोबा धक्क्यावर हात पुढे करून उभे असतील, आणि त्या हातात आपण काय ठेवणार?

"ताई, रडू नकोस ना," गाकू पुटपुटला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तो एकदम उडालाच. "तिकडे बघ! सायकल!"

हात उन्हात भाजू नयेत म्हणून काकूंनी हँडलला चढवलेले फुलाफुलांचे मोजे कुणीही ओळखले असते. सायकल दातांच्या दवाखान्याबाहेर उभी होती. दारावर 'दुपारची सुट्टी' अशी पाटी होती, पण दार किलकिलं होतं. तिघांनी आत शिरून बूट काढले आणि चपलांच्या मांडणीमागे दबा धरला.

"हाझामा डॉक्टर, परवाची ती मिठाई..." काकूंचा आवाज आला.

"वा! काय सुरेख होती!" कुणीतरी भरल्या तोंडाने म्हणालं. "आम्ही सगळ्यांनी खाल्ली. नर्सबाईंनी तर दोनदा घेतली."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. आणखी एकाने खाल्ली!

"खाल्ली?!" काकूंनी किंकाळी फोडली. "पोटात दुखतंय का? दात हलतायत का? अहो, ती खाण्यासारखी नव्हती म्हणे!"

डॉक्टरांनी घास गिळल्याचा आवाज ऐकू आला.

"म्हणजे, तसं बघितलं तर, अगदी खाल्ली असं नाही..." ते चाचरत म्हणाले. "अहो काकू, दातांच्या डॉक्टरला गाव मिठाई आणून देतं. माझं कपाट बघा! तुमचा डबा ज्या दिवशी आला त्याच दिवशी निशिगुचींनी घरी टरबूज पाठवलं. परतभेट नको का द्यायला? मग मी... पण तुम्हीसुद्धा न उघडताच मला दिलीत की!"

"माझी साखर वाढलीय हो! आणि कुणी भेट दिली की समोर थोडीच उघडतात! दुसऱ्या दिवशी चव विचारली तर काय म्हणायचं, पुढे ढकलली? आज मुलांनी विचारलं तेव्हा शरमेने मी दारसुद्धा ओढून घेतलं!"

मांडणी धडाडकन कोसळली. गाकूला हसू आवरलं नव्हतं.

चौदा जोड चपलांच्या ढिगात बसलेल्या तीन मुलांकडे डॉक्टर आणि काकू बघतच राहिले. दोघांचेही चेहरे लोणच्यातल्या आलुबुखारासारखे लाल झाले. इओरीने शांतपणे वहीतली एक ओळ खोडली. "हे निशिगुची कुठे राहतात?" त्याने विचारलं.

निशिगुचीकाका टोफूच्या दुकानावरच्या माडीत राहत. निवृत्त बसचालक, एकटे, आणि आवाज असा की सकाळी ते खिडकीत उभे राहून गायला लागले की तीन गल्ल्यांतली माणसं घड्याळं लावून घेत. काकू, डॉक्टर आणि मुलं अशी वरात तिथे पोचली तेव्हा सव्वातीन झाले होते.

"दोन दिवस झाले, एक सूर नाही," टोफूवाले कुजबुजले. "खिडकी बंद, दार बंद. आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! आता काळजी वाटायला लागलीय. आणि आतून काहीतरी आवाज येतो. ऐका!"

सगळ्यांनी कान टवकारले. फुस्स... फुस्स... फुस्सस्स.

"साप!" गाकू डॉक्टरांच्या मागे लपला.

सुमिरे मात्र पुढे सरकली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तडा गेल्यापासून तिने रात्रंदिवस तोच ऐकला होता. ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली आणि तिने दार ठोठावलं.

फुस्स थांबलं. दार बोटभर उघडलं. फटीत एक लाल डोळा दिसला.

"काका, डॉक्टरांनी तुम्हाला डबा दिला होता..."

"हो हो, मिळाला. मिठाई फार छान होती. धन्यवाद सांग," असं म्हणून दार मिटायला लागलं.

तिसरं माणूस, तेच वाक्य! सुमिरेचा संताप अगदी ओठांपर्यंत आला. 'खोटारडे!' असं ती ओरडणार, एवढ्यात तिला तो डोळा पुन्हा दिसला. तो चोराचा नव्हता. रडून लाल झालेला होता.

"काका," ती हळू म्हणाली, "कितीही फुंकलीत तरी ती वाजणार नाही. तिला तडा गेलाय."

दार थांबलं. मग सताड उघडलं.

"तडा गेलाय? म्हणजे माझी चूक नाही?" हातात बासरी घेतलेले निशिगुचीकाका उभे होते. "दोन दिवस फुंकतोय गं! गालफडं दुखायला लागली! मला वाटलं, मला गाताही येत नाही आणि वाजवताही येत नाही."

"पण तुम्ही वाजवत का होतात?" इओरीने विचारलं.

काकांनी मान खाली घातली. "मी काय दूधखुळा आहे? डॉक्टर सभ्य माणूस. 'निशिगुची, तुमचं गाणं ऐकवत नाही' असं तोंडावर कसं म्हणतील? म्हणून बासरी पाठवली. बासरी फुंकणाऱ्याचं तोंड बंद राहतं ना! मी इशारा समजलो. भेट मिळाली तर ती वापरायला नको का? गाणं सोडलं."

"मी?!" डॉक्टर जिन्यातूनच ओरडले. "अहो, मला काय माहीत आत बासरी आहे! मी तर मिठाई म्हणून... देवाशपथ, तुमच्या गाण्याशिवाय मला सकाळी उठायला उशीर होतो!"

मग जिन्यात जे काही नमस्कार सुरू झाले! डॉक्टर काकांपुढे वाकले, काका काकूंपुढे, काकू मुलांपुढे. गाकूही कुणापुढे तरी वाकला आणि त्याचं डोकं टोफूवाल्यांच्या पोटावर आपटलं.

"चारला वीस मिनिटं!" इओरी गरजला. "देवळामागे, अरिमुरा मास्तर! बाजारात ही गर्दी आहे!"

"गर्दी?" निशिगुचीकाका ताठ उभे राहिले. "तीस वर्षं बस चालवलीय मी! या माझ्यामागून!"

आणि त्यांनी दोन दिवस कोंडलेला आवाज एकदम मोकळा सोडला. "वाट द्या! वाट द्या हो ऽ ऽ!" छपराखाली तो असा घुमला की माशांवरची मांजरं पळाली आणि गर्दी दुभंगली. पुढे काका, मागे छातीशी बासरी धरलेली सुमिरे, मग इओरी, गाकू, पांढऱ्या कोटातले डॉक्टर आणि घंटी वाजवत कुमेदाकाकू!

अरिमुरा मास्तरांचं शटर गुडघ्यापर्यंत आलं होतं. गाकू सरळ त्याच्याखालून आत घरंगळला. "सिंहाचे मागचे पाय आले!" तो धापा टाकत म्हणाला.

मास्तरांनी शटर वर केलं. ऐंशीचे, सडपातळ आणि हसण्याची सवय नसलेले. त्यांनी बासरी उजेडात धरली, तड्यावरून नख फिरवलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"ही वयाने तडकलेली नाही. ही उन्हात कुणी ठेवली?"

काकू, डॉक्टर, निशिगुचीकाका, सगळ्यांच्या माना खाली गेल्या, कारण आज 'मी नाही' म्हणायची कुणाचीच हिंमत नव्हती. सुमिरेला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. बोलली नाही तर कुणाला कळणारही नव्हतं. इओरीलाही माहीत नव्हतं. तोही ती जुनी होती म्हणूनच तडकली असं समजत होता.

"मी," ती म्हणाली. "बोटीत विसरले. आणि आजोबांना खोटं सांगितलं." आणि ती मोठ्याने रडायला लागली.

मास्तरांनी तड्यात सरस भरला आणि त्यावर रेशमी दोरा गुंडाळायला घेतला, इतका घट्ट आणि एकसारखा की बघता बघता बासरीवर काळं कडं चढलं. पाच वाजले तरी कुणी तिथून हललं नाही. "सणापुरती होईल. पक्की दुरुस्ती सण झाल्यावर. वाजव," असं म्हणून त्यांनी बासरी तिच्या हातात दिली.

सुमिरेने डोळे पुसले आणि बासरी ओठांना लावली. पहिला सूर थरथरला. दुसरा सरळ निघाला. आणि मग बेटावरची ती सिंहाला उठवणारी धून दुकानातून गल्लीत, गल्लीतून देवळापर्यंत गेली. बाहेर सायकली थांबल्या. इओरीचे पुढचे पाय आणि गाकूचे मागचे पाय आपोआप ठेक्यात हलू लागले. निशिगुचीकाका पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत होते.

"या मुलांनी एका दुपारी जे शोधलं," हाझामा डॉक्टर म्हणाले, "ते आम्ही मोठ्यांनी दोन दिवस एकमेकांपासून लपवलं. शाबास रे पोरांनो!"

एवढ्यात काकूंनी फोन केल्यामुळे मॅच हरल्याचं दुःख विसरून मामा धावत आले. सगळी हकीकत ऐकल्यावर त्यांनी चारचौघांत भाच्यांपुढे असा खोल नमस्कार केला की खिशातला पंखा खाली पडला. मग त्यांनी बेटावर फोन लावून सुमिरेच्या हातात दिला.

"आजोबा," ती म्हणाली, "बासरी आपोआप नाही तडकली. मी उन्हात..."

"ठाऊक आहे," आजोबा कवळीतून शिटी वाजवत म्हणाले. "बोटवाल्याने त्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग तुम्ही रागावला का नाहीत? आणि तरी ती माझ्याकडेच दिलीत?"

"अगं, तडा तुझ्या हातून गेला, मग ती सांभाळून नेणारही तूच. दुसरं कोण एवढा जीव टाकेल?" आजोबांची कवळी खटकन वाजली. "मघाशी दुकानात वाजवलीस ना? मास्तर माझे जुने दोस्त, त्यांनी फोन करून ऐकवलं. तिसऱ्या कडव्यात घाई करतेस. सोळा तारखेला सावकाश घे. सिंह म्हातारा आहे, त्याला उठायला वेळ लागतो."

सुमिरेने वर पाहिलं. अरिमुरा मास्तर गुपचूप दुकानातला फोन जागेवर ठेवत होते. पकडले गेल्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. सुमिरेने बासरी पुन्हा ओठांना लावली आणि तिसरं कडवं सावकाश, अगदी सावकाश वाजवलं.